कोणालाच न दिलेला नंबर

नंदाबाई केदारी यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. ते इतकं पातळ होतं की दोरा ओवून खिळ्याला टांगता यायचं. त्याला किंमत नव्हती. लेखकाचं नाव नव्हतं. वरचं टेलिफोनचं चित्र जरा वाकडं छापलं होतं. पण त्यातलं एक वाक्य आमच्या गावातल्या प्रत्येक फोनवाल्या घराने पाळलं. मी तेव्हा मराठी साहित्य घेऊन नुकती बी.ए. झाले होते. लिहिलेलं वाक्य कोणी असं पाळतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. अजूनही ते आठवलं की मी थक्क होते.

त्याआधी लोणावळ्यात फोनवर नंबर फिरवायचा नसे. फोनला तबकडीच नव्हती. बाजूची दांडी फिरवायची आणि फोन कानाला लावायचा. मग आवाज यायचा, "बोला." तो आवाज नंदाताईंचा. एक्सचेंजच्या लांब खोलीत लाकडी बोर्ड होता. त्याच्यासमोर त्या उंच स्टुलावर बसायच्या आणि एका भोकातली दोरी दुसऱ्या भोकात खोचून माणसं जोडायच्या.

नुसत्या जोडायच्या नाहीत. कोणी डॉक्टरांचा नंबर मागितला तर सांगायच्या की ते आत्ताच वलवणला गेलेत, आले की मीच लावून देते, तोवर पोराच्या कपाळावर ओली पट्टी ठेवा. मुंबईचा बंगलेवाला रागावून रखवालदाराला मागायचा, तर आधी त्याला थोडं बोलून गार करायच्या आणि मग जोडायच्या.

त्या कार्ल्याच्या. मॅट्रिक झालेल्या. केदारींच्या घरात नोकरी करणारी पहिली बाई. नवरा सोपान भातशेती करायचा आणि बायकोच्या नोकरीबद्दल त्याचं काहीच म्हणणं नव्हतं. सासूबाईंचं, बयाबाईंचं, होतं. दिवसभर परक्या पुरुषांशी बोलायचं म्हणजे काय, असं त्या सुरुवातीला म्हणायच्या. पुढे त्याच गावभर सांगत फिरायला लागल्या की आमच्या सुनेनं हात लावल्याबिगर लोणावळ्यात कोन कुनाशी बोलत न्हाई.

नंदाताईंचे आवाज दोन होते. बोर्डावर पुण्याचा. घरी मावळातला. एस.टी. कार्ला फाट्याला थांबली की आवाज बदलायचा.

माझ्या वडिलांचं बाजारात वह्या-पेनांचं दुकान होतं. मला नोकरी नव्हती. दुपारी मी एक्सचेंजमध्ये जाऊन बसायची. नंदाताई मला "ए बी.ए." म्हणायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. पण मैत्री झाली ती झाली.

मग ट्रकमधून मोठी खोकी आली. एक्सचेंज आपोआप चालणार होतं. तबकडी फिरवली की यंत्रच नंबर जोडणार. बोर्ड निघणार. बोर्डावरच्या बायकांना पुण्याच्या मोठ्या एक्सचेंजला जायचं होतं. बाकीच्या दोघी खूश होत्या, एकीचं तर माहेरच पुण्यात होतं. नंदाताईंना ते जमणार नव्हतं. कधी सकाळची पाळी, कधी रात्रीची. कार्ल्याहून रोज कसं जायचं? म्हणजे पुणं तरी धरायचं नाहीतर नोकरी तरी सोडायची. त्यांना दोन्ही नको होतं.

सोपान म्हणाला, तू म्हणशील तसं. बयाबाई काहीच बोलल्या नाहीत. बयाबाई काही बोलत नाहीत, याचीच नंदाताईंना जास्त काळजी वाटत होती.

नव्या एक्सचेंजचे साहेब आगाशे नावाचे होते. तरुण, पुण्याचे, यंत्रावर मनापासून जीव असलेले. फोन कसा फिरवायचा हे सांगणारं इंग्रजी पुस्तक त्यांच्याकडे आलं होतं. ते मराठीत हवं होतं. आगाशे साहेबांना स्वतःच्या मराठीची भीती वाटायची. त्यांनी ते काम नंदाताईंना दिलं. जाण्याआधी एवढं करून द्या म्हणाले. नंदाताईंनी मला बोलावलं.

"ए बी.ए., तू शुद्धलेखन बघ. बाकी काही करू नकोस."

मी बाकीही केलं. पहिल्या पानावर मी लिहिलं की विज्ञानाच्या या वरदानाने माणसामाणसांतली अंतरं मिटली आहेत. नंदाताईंनी ते दोनदा वाचलं. मग शांतपणे म्हणाल्या, "हे वाचेस्तोवर फोन थंड होईल." आणि खोडलं.

लिहिण्याची त्यांची एक पद्धत होती. रविवारी आम्ही कार्ल्याला त्यांच्या पडवीत बसायचो. एक्सचेंजचा मेकॅनिक दत्तोबा याने एक सुटा फोन दिला होता. तो बयाबाईंसमोर ठेवायचा. मी एकेक वाक्य वाचायची आणि बयाबाई सांगितलं तेवढंच करायच्या. कणभर जास्त नाही.

मी वाचलं, "तबकडीच्या भोकात बोट घाला." त्यांनी घातलं. "बोट अडेल तिथपर्यंत फिरवा." त्यांनी फिरवलं आणि तसंच धरून बसल्या. आम्ही वाट पाहिली. त्यांनीही पाहिली.

"आई, सोडा की आता."

"सोडा म्हनून कुटं लिवलंय?"

"सोडा" या शब्दाला पुस्तकात स्वतंत्र ओळ मिळाली. अशा ओळी वाढत गेल्या. फोन उलटा धरला जाऊ नये म्हणून एक. तबकडी हाताने ढकलून मागे नेऊ नये म्हणून एक. बयाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्या पुस्तकातली निम्मी वाक्यं त्यांच्यामुळे आहेत.

उदाहरणाच्या नंबरापाशी आम्ही अडलो.

नंबर कसा फिरवायचा हे सांगायला कुठला तरी नंबर लिहायला हवा होता. इंग्रजी पुस्तकात कुठल्या तरी मोठ्या शहराचा लांबलचक नंबर होता. आमचे नंबर तीन आकडी. आगाशे साहेब म्हणाले, कोणताही टाका. नंदाताई म्हणाल्या, डॉक्टरांचा टाकला तर डॉक्टरांचा फोन दिवसभर वाजेल. साहेबांना ते पटेना. ते म्हणाले, वाक्याच्या सुरुवातीला "उदाहरणार्थ" लिहा, म्हणजे कोणी तो नंबर लावणार नाही. त्या एका शब्दावर साहेबांचा फार विश्वास होता.

"साहेब," नंदाताई म्हणाल्या, "गणिताच्या पुस्तकातले आंबे आणायला कोणी बाजारात जात नाही, खरं आहे. पण हे पुस्तक फोनच्या शेजारी टांगणार आपण. आमच्या सासूबाईंनी ऐकलं तर त्या लावणारच."

"मग काय करायचं?"

"एक नंबर कोणालाच द्यायचा नाही. देवराई ठेवतो तसा. तिथल्या झाडाला कोणी कुऱ्हाड लावत नाही. मग पुस्तकात तो लिहायचा. कोणी लावला तरी कोणाला त्रास नाही."

आगाशे साहेब हसले. पण त्यांना ते आवडलं. एक्सचेंजच्या भिंतीवर सगळ्या नंबरांचा तक्ता होता. त्यातल्या २५२ भोवती त्यांनी लाल पेन्सिलीने गोल केला आणि खाली लिहिलं, द्यायचा नाही.

नंदाताईंनी लिहिलं: उदाहरणार्थ, तुम्हाला २५२ हा नंबर हवा आहे. दोन फिरवा. सोडा. पाच फिरवा. सोडा. दोन फिरवा. सोडा. जरा थांबा. घंटा ऐकू येईल. पलीकडचं माणूस बोलेल.

बयाबाईंनी सगळं केलं. दोन, पाच, दोन. फोन कानाला लावून बसल्या. तो सुटा फोन होता, त्यातून काय ऐकू येणार? थोड्या वेळाने म्हणाल्या, "मंग? कोन बोलनार?"

आम्ही दोघी हसलो. तिथेच चुकलो.

नवं एक्सचेंज सुरू झालं त्या सकाळी नारळ फोडला. दत्तोबाने आधीच सायकलवरून घरोघर फिरून तबकडीचे फोन बसवले होते आणि प्रत्येकाशेजारी पुस्तक टांगलं होतं. नव्या खोलीत यंत्रं बसवलेले उंच लोखंडी घोडे रांगेने उभे होते. कोणी नंबर फिरवला की त्यांच्यातले दांडे टकटक करत वर चढायचे. पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज होईल, असं आगाशे साहेबांनी आम्हाला सांगितलं होतं.

पाऊस आला नाही. मधूनच एक टकटक व्हायची आणि थांबायची. मग पुन्हा तीच. साहेब कान देऊन ऐकत राहिले. दुपारपर्यंत त्यांच्या लक्षात आलं. सगळं गाव एकच नंबर फिरवत होतं. दोन, पाच, दोन. दुसरा कोणताही नाही.

आणि तक्रारी चालत यायला लागल्या. फोन बिघडलाय म्हणून लोक फोन करणार कसे? ते दारात येऊन उभे राहिले. पुस्तकात सांगितलं तसं केलं, घंटा नाही, माणूस नाही, नुसती गुणगुण ऐकू येते. दत्तोबा सायकलवरून धावायचा, फोन तपासायचा, फोन ठणठणीत असायचा. परत येईपर्यंत दारात आणखी चारजण. संध्याकाळी दत्तोबा म्हणाला, "साहेब, मला आता घोडं द्या, न्हाईतर रजा."

आगाशे साहेब ओरडले नाहीत. त्यांनी पुस्तक नंदाताईंच्या समोर ठेवलं.

"केदारीबाई, लोक लावणार हे तुम्ही म्हणाला होता. मान्य आहे. पण सोमवारी पुण्याहून मोठे साहेब येणार आहेत. सबंध एक्सचेंज गप्प आहे. मी त्यांना काय दाखवू?"

नंदाताईंचा चेहरा उतरला. मोठ्या साहेबांच्या हातात बदल्यांचे कागद होते. लोणावळ्यात काही काम असेल तर मला ठेवा, अशी विनंती त्या त्यांना करणार होत्या. आता कोणत्या तोंडाने करणार? घंटा ऐकू येईल असं त्यांनीच लिहिलं होतं. पलीकडचं माणूस बोलेल असंही त्यांनीच लिहिलं होतं. त्या नंबराच्या मागे घंटा नव्हती आणि माणूसही नव्हतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "आपण देवराई राखली, पण आत देव ठेवायला विसरलो."

पण एक गोष्ट त्यांना कळत नव्हती. हा नंबर लागत नाही, ठीक. मग लोक दुसरा का लावत नाहीत? डॉक्टरांचा? दुकानाचा?

दुसऱ्या दिवशी दत्तोबाबरोबर आम्ही दोघी निघालो. पहिलं घर वलवणच्या आक्काबाईंचं. दुधाचा मोठा धंदा, भरलेलं घर. फोन देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात होता आणि त्याला हळदीकुंकू लावलेलं होतं. नंदाताईंनी विचारलं की आक्का, दुसऱ्या कोणाला फोन लावून पाहिला का?

आक्काबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. लहान मुलाला समजवावं तसं त्या बोलल्या.

"पयला लागल्याबिगर दुसरा कसा लावायचा? आगं, माझ्या भावाकडं फोन हाय मळवलीला. थोरल्या सुनंच्या माहेरी हाय बाजारात. भावाला पयला केला तर सून म्हननार, माझ्या माहेराला मान न्हाई. तिकडं केला तर भाऊ वरीसभर दारात यायचा न्हाई. फोन बसल्यापासनं घरात ह्येच चाललंय. मंग मालक म्हनले, पुस्तकातल्या नंबराला करा. त्यो सरकारचा. त्याला पयला मान दिला तर कोन रुसनार?"

"म्हणजे तो लागेपर्यंत..."

"लग्नाची पयली पत्रिका देवाफुडं ठिवल्याबिगर दुसरी वाटती का तू?"

नंदाताईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या.

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. सोयरे वेगळे, रुसवे वेगळे, तोड एकच. कोणी कोणाला विचारलं नव्हतं. प्रत्येक घर आपापलं भांडून त्याच नंबराला पोचलं होतं, कारण गावात तो एकच नंबर असा होता की जो कोणाचा नव्हता.

शेवटी तुंगार्लीला गेलो. तिथल्या एका बंगल्याचा रखवालदार कोंडू, वरच्या ठाकरवाडीचा. त्याच्या नात्यात कोणाकडे फोन नव्हता. रुसायलाही कोणी नव्हतं. पण मालकाने सांगितलं होतं की फोन चालतो का बघ. कोंडूने पुस्तक माळ्याच्या पोरीकडून वाचून घेतलं आणि नंबर लावला.

"लागतुया की," तो म्हणाला. "पर तितली बाई नुसती हूं हूं करतीया. म्या समदी हकीकत सांगितली. तळ्याच्या बांधाचं सांगितलं, माकडांचं सांगितलं. हूं म्हनती, बोलत न्हाई. लाजती जनू."

तो न लागणाऱ्या नंबराचा आवाज होता. कोंडू कालपासून त्याच्याशी बोलत होता.

परतताना नंदाताई भराभर चालत होत्या. एक्सचेंजमध्ये शिरल्या ते थेट आगाशे साहेबांसमोर. लोकांना थांबवायचं नाही, म्हणाल्या. पुस्तक परत घ्यायचं नाही. पुस्तक खरं करायचं.

साहेबांनी सगळं ऐकलं. मग तक्त्यावरच्या लाल गोलाकडे बराच वेळ पाहिलं. तो नंबर त्यांनी जपला होता. त्यांना वाईट वाटत असावं.

"कोणाला द्यायचा नाही म्हणालो होतो आपण," ते म्हणाले.

"कोणाला देत नाहीच आहोत. तो पुस्तकाचा आहे. पुस्तकाच्या वतीने मी उचलीन."

जुना बोर्ड काढून नेल्यावर खिडकीशी मोकळी जागा राहिली होती. तिथे एक टेबल ठेवलं. दत्तोबाने तार ओढली. तपासणीसाठी फोनला जास्तीचा एक रिसीव्हरही जोडला. तो स्क्रू पिळत असतानाच घंटा वाजली.

नंदाताईंनी उचलला. काय बोलायचं हे ठरलंच नव्हतं. सगळं पुस्तक लिहिलं, पण पलीकडच्या माणसाचं वाक्य कोणी लिहिलं नव्हतं.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "तुमचा फोन लागला."

पलीकडे आक्काबाई होत्या. त्यांनी घरच्यांना मारलेल्या हाका ऐकू आल्या. एकेक माणूस फोनपाशी आलं आणि प्रत्येकाने ते वाक्य ऐकायला मागितलं. नंदाताईंनी ते प्रत्येकाला सांगितलं. मालकांना, सुनांना, पोरांना. शेवटी आक्काबाईंनी विचारलं की आता कुनालाबी करू का?

"करा. कोणालाही करा."

फोन ठेवला. थोड्याच वेळात घोड्यांच्या रांगेत एका नव्याच कोपऱ्यात टकटक झाली. पहिला फोन भावाला गेला की सुनेच्या माहेरी, ते आम्हाला कधी कळलं नाही. पुन्हा घंटा वाजली. दुसरं घर. मग तिसरं. दुपार कलेपर्यंत सगळ्या खोलीत तडतड सुरू झाली होती. आगाशे साहेब घोड्यांच्या मधल्या वाटेत उभे होते. गारांच्या पावसात मुद्दाम भिजायला बाहेर पडलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

कोंडूचाही फोन आला. बाई बोलली म्हणून तो इतका दचकला की त्याने ठेवून दिला. मग पुन्हा लावला आणि माकडांची हकीकत पहिल्यापासून सांगितली.

सोमवारी मोठे साहेब आले. वयस्कर, प्रवासाने थकलेले. यंत्रं पाहिली, मान हलवली. मग खिडकीशी बसलेल्या नंदाताई त्यांना दिसल्या.

"हा कोणता नंबर?"

आगाशे साहेबांनी खरं ते सांगितलं. मानाचं, रुसव्याचं, पत्रिकेचं. सांगताना ते अडखळत होते. मोठ्या साहेबांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले, छान, पण पहिला फोन घराघरातून एकदाच होणार. आठवडाभरात हे संपेल. मग या बाई पुण्याच्या पाळीवर येतील, बरोबर?

खोलीत तडतड चालू होती. नंदाताई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी जी विनंती करायची ठरवली होती ती त्यांच्या ओठावर आली आणि तिथेच राहिली. त्या म्हणाल्या, "बरोबर, साहेब."

फोन वाजला.

मोठ्या साहेबांनी सहज जास्तीचा रिसीव्हर उचलला आणि कानाला लावला. नंदाताईंनी आपला उचलला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. तो कार्ल्याच्या शेतकी सोसायटीतल्या फोनवरून येत होता.

"सरकार हाय का तितं?"

बयाबाई होत्या. नंदाताईंनी एकदा डोळे मिटले. मग आवाज पुण्याचा केला.

"नमस्कार. तुमचा फोन लागला."

"लागला न्हवं? मंग ऐका. माझी सून तुमच्यात कामाला हाय. नंदा म्हनून. तिला तुमी पुन्याला नेताय म्हनं. न्यायची न्हाई. तिकडं तिचं काय काम? तितं कोन कुनाला वळखत न्हाई. हितं तिला समदी दुनिया ठावी हाय. तुमचं यंतर डाक्टरचं घर दाखवंल, पर डाक्टर कुटं गेलाय ते सांगंल का? आन हितल्या लोकांना त्यो डबा कोन शिकवनार? म्या शिकले तिच्याकडनं. म्हनून तर फोन लावला. सरकारनं ध्यानात ठिवावं."

नंदाताईंनी पुण्याचा आवाज सोडला नाही.

"ध्यानात ठेवलं. आणखी काही?"

"हाय की. येताना मिसरी आन गं. संपलीया."

आणि फोन ठेवला गेला.

मोठ्या साहेबांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला. मग ते हसायला लागले. थकलेला माणूस इतकं हसू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, बसले, चष्मा पुसला, पुन्हा हसले. आगाशे साहेबांना विचारलं की नवे फोन दर महिन्याला बसणार ना? बसणार, आगाशे म्हणाले. मोठे साहेब म्हणाले, मग प्रत्येकाचा पहिला फोन कुठेतरी जाणारच. आणि तक्रारीसुद्धा कोणीतरी ऐकायलाच हव्यात, माणसं दारात येऊन उभी राहतात हे काही बरं नाही. एक बाई इथे राहू दे. तक्रार आणि चौकशी असं नाव द्या. मला लिहून पाठवा, मी वर बोलतो.

तो आदेश भाताची आवणी सुरू व्हायच्या आधी आला. नंदाताई पुढे केस पिकेपर्यंत त्या टेबलाशी बसल्या. नंबर डिरेक्टरीत कधी छापला नाही, फक्त त्या पुस्तकात राहिला. नवा फोन बसला की घरात आधी भांडण व्हायचं आणि मग खिडकीशी घंटा वाजायची. काही लोक दुसऱ्या फोननंतरही लावत राहिले. तळं भरलं की कोंडू कळवायचा. आक्काबाईंना नातू झाला तेव्हा ती बातमी सोयऱ्यांच्या आधी पुस्तकाला कळली. मी पुढे मास्तरीण झाले, थोडंफार लिहिलंही. माझ्या कोणत्याच वाक्याला असं उत्तर मिळालं नाही. मला त्याचं दुःख नाही. एकदा तरी जवळून बघायला मिळालं.

त्या सोमवारी संध्याकाळी मात्र अजून काहीच कागदावर नव्हतं. नंदाताई म्हणाल्या, चल गं बी.ए., आज घरी सोबत कर. आम्ही बाजार करून एस.टी.ने कार्ल्याला गेलो. फाट्यापासून चालताना त्या एकदा मोठ्याने हसल्या आणि एकदा डोळे पुसले. शेतात पेंढ्याच्या गंज्या उभ्या होत्या. ओट्यावर सोपान दोरी वळत बसला होता.

बयाबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. सुपाचा आवाज थांबला नाही. आम्ही चपला काढल्या, पाणी प्यायलो, बसलो. सोपान एकदा आईकडे बघायचा आणि एकदा बायकोकडे.

शेवटी बयाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"सरकार काय म्हनलं?"

"सरकार लय हसलं," नंदाताई म्हणाल्या.

बयाबाईंनी जरा विचार केला. मग सूप पुन्हा उचललं.

"मंग ऱ्हातीयास तू. हसलं म्हंजी झालं काम. सोपान, ऊठ, त्या पोरीला च्या ठिव."